पाच पैशांचा शेजारधर्म

१९७२ सालचं एखादं पाकीट जुन्या कागदांच्या गठ्ठ्यात हाती लागलं, तर त्याचा उजवा कोपरा नीट पाहावा. तिथे दोन तिकिटं असतात. एक वीस पैशांचं, म्हणजे पत्राचं हशील. त्याला खेटून दुसरं, पाच पैशांचं. मूळचं ते कुटुंब नियोजनाच्या प्रचाराचं नेहमीचं तिकीट. पण त्यावर वेगळाच मजकूर छापलेला दिसतो: ‘शरणार्थी सहायता’, आणि तेच इंग्रजीत. काही पाकिटांवर हा मजकूर छापलेला नसून रबरी शिक्क्याने उमटवलेला असतो, जरा तिरका, शाई पसरलेला. डिसेंबर १९७१ नंतरच्या काही पाकिटांवर निर्वासितांचं चित्र असलेलं, खास या कामासाठी काढलेलं लाल तिकीट सापडतं.

या पाच पैशांचा पत्र पोचवण्याच्या खर्चाशी संबंध नव्हता. पूर्व पाकिस्तानातून जीव मुठीत धरून भारतात आलेल्या माणसांच्या अन्नपाण्यासाठी आणि निवाऱ्यासाठी लावलेला तो कर होता. तो देणगी नव्हता, ऐच्छिक नव्हता. संसदेने कायदा करून तो प्रत्येक पाकिटावर बसवला होता.

आज ज्याला छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या तेव्हाच्या औरंगाबादेत या कायद्याचा अर्थ सगळ्यांत आधी कळला असेल तो शहागंजाला. निजामाच्या काळातला घड्याळाचा मनोरा, त्याच्या आसपास फळांच्या गाड्या, चमनमधला गांधीजींचा पुतळा, जुनी मशीद, कापडाची नि भांड्यांची दुकानं, खेड्यापाड्यांतून बाजाराला आलेली माणसं असा हा भाग. इथल्या दुकानदाराचा दिवस त्या काळी कागदावर चालायचा. माल मागवायचा पत्राने, उधारी फिरवायची हुंडीने, पैसे मिळाले की द्यायची पावती, आणि स्वतः जायचं तर एसटी किंवा रेल्वे. १९७१ च्या अखेरीस सरकारने नेमके हेच कागद निवडले. शेजारच्या देशासाठी करायची मदत पहिल्यांदाच बाजारातल्या साध्या माणसाच्या हातून, नावानिशी, कायद्याने वसूल झाली. त्या कायद्याचा मागोवा घ्यायचा तर थोडं मागे जावं लागतं.

तनख्यापासून योजनेपर्यंत

शेजाऱ्याला पैसा देण्याची लेखी परंपरा आपल्याकडे इंग्रजांच्या काळापासूनची आहे, पण तिला मदत म्हणता येत नाही. १८६५ च्या सिंचुला तहाने इंग्रजांनी भूतानकडून दुआरांचा सुपीक पट्टा घेतला आणि त्याबदली वार्षिक रक्कम बांधून दिली. ती ५० हजार रुपयांपर्यंत जायची होती. १९१० च्या पुनाखा तहाने ती एक लाख झाली. स्वतंत्र भारताने ८ ऑगस्ट १९४९ रोजी भूतानशी नवा करार केला आणि हा आकडा पाच लाखांवर नेला. घेतलेल्या जमिनीचा मोबदला असंच त्याचं स्वरूप होतं.

विकासासाठी मदत ही कल्पना पन्नाशीच्या दशकात आली. राष्ट्रकुलातल्या देशांनी कोलंबो योजना आखली, त्यात भारत पहिल्यापासून होता. भारत तिच्यातून मदत घेत होता आणि त्याच वेळी नेपाळला मदत करत होता. काठमांडूला भारताच्या सीमेशी जोडणारा त्रिभुवन राजपथ भारतीय लष्कराच्या अभियंत्यांनी बांधला. १९५८ मध्ये पंडित नेहरू डोंगरवाटांनी प्रवास करत भूतानला गेले, आणि १९६१ मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली ती सर्वस्वी भारताच्या पैशावर. १९६४ मध्ये परदेशी अधिकाऱ्यांना भारतात प्रशिक्षण देणारा तांत्रिक सहकार्याचा कार्यक्रम सुरू झाला.

या सगळ्यासाठी संसदेने कुठला वेगळा कायदा केला? एकही नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागणीत एक ओळ यायची, लोकसभा ती मंजूर करायची आणि विनियोजन विधेयकाबरोबर पैसा बाहेर पडायचा. घटनेच्या ११४ व्या कलमाप्रमाणे संचित निधीतून पैसा काढायला एवढं पुरतं. कायदेशीर आहे, पण त्यात नागरिकाला कळण्यासारखं काही नाही. शहागंजातल्या माणसाने भरलेल्या करातले किती पैसे त्रिभुवन राजपथाच्या वळणांवर लागले, हे त्याला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्याच्या कायद्याचा गहू

कायद्याने दिलेली मदत म्हणजे काय, हे त्याच माणसाला दुसऱ्या बाजूने मात्र चांगलं माहीत होतं. १० जुलै १९५४ रोजी अमेरिकेत एका कायद्यावर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी सही केली. सार्वजनिक कायदा क्रमांक ४८०. आपल्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही तो ‘पीएल ४८०’ या नावाने ठाऊक झाला. अमेरिकेकडे पडून असलेलं धान्य रुपयांत विकत देण्याची सोय त्यात होती. १९५६ मध्ये भारताने त्याखाली पहिला मोठा करार केला आणि साठीच्या दशकात, विशेषतः १९६५ व १९६६ च्या लागोपाठच्या अवर्षणांत, रेशनच्या दुकानात लाल गहू आणि मिलो येऊ लागला. मिलो म्हणजे अमेरिकी ज्वारी. पांढऱ्याशुभ्र शाळूच्या भाकरीवर वाढलेल्या मराठवाड्याने ती नाइलाजाने खाल्ली.

त्या कायद्याने माणसं जगवली, यात शंका नाही. पण देणाऱ्याचा हात वर असतो हेही त्याने दाखवलं. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी १९६५ नंतर गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडली, जेणेकरून भारताने शेतीचं धोरण बदलावं आणि व्हिएतनामबद्दल फार बोलू नये. त्याच कायद्यातलं एक कलम पुढे बांगलादेशाच्या जिवावर उठलं. क्यूबाशी व्यापार करणाऱ्या देशाला हे धान्य देता येत नाही, अशी त्यात अट होती. बांगलादेशाने क्यूबाला तागाची पोती विकली होती. १९७४ मध्ये, तिथे दुष्काळ पडला असताना, अमेरिकेने या कारणावरून धान्य अडवलं. पोत्यांची निर्यात थांबवल्यावर ते सुटलं, पण तोवर फार उशीर झाला होता. मदतीच्या कायद्यात कोणतं कलम घातलं जातं यावर भुकेल्याचं जगणं-मरणं ठरतं, याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही.

ऑक्टोबर १९७१

२५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. ३१ मार्चला आपल्या संसदेने पूर्व बंगालच्या जनतेला पाठिंबा देणारा ठराव एकमताने केला. एप्रिल-मेमध्ये सीमेवर माणसांची रीघ लागली. पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा. साडेपंधरा लाख वस्तीच्या त्रिपुरात चौदा लाखांवर निर्वासित आले. डिसेंबरच्या मध्यापर्यंतची सरकारी नोंद आहे ९८ लाख ९९ हजार ३०५. काहींना पार रायपूरजवळच्या माना छावणीपर्यंत हलवावं लागलं.

हा भार पैशांत मोजण्याचं काम ज्या माणसाकडे आलं ते कराडचे यशवंतराव चव्हाण. जून १९७० पासून ते देशाचे अर्थमंत्री होते. मे १९७१ च्या अर्थसंकल्पात त्यांनी निर्वासितांसाठी ६० कोटी रुपये धरले. लोंढा थांबेना तशा पुरवणी मागण्या आल्या. बाहेरच्या देशांकडून मदत येत होती, पण खर्चाच्या मानाने ती अपुरी होती. वॉशिंग्टनमध्ये त्याच महिन्यांत मदतीच्या कायद्यावरून भांडण पेटलं होतं. पाकिस्तानला द्यायची मदत निर्वासित परत जाईपर्यंत रोखावी, अशी दुरुस्ती सिनेटर सॅक्सबी आणि चर्च यांनी मांडली होती, आणि निक्सन सरकारचा तिला विरोध होता.

दिल्लीपुढे दोन वाटा होत्या. जास्तीच्या नोटा छापून खर्च भागवायचा, म्हणजे महागाईच्या रूपाने गरिबाकडूनच वसूल करायचं; किंवा उघडपणे कर लावायचा. सरकारने दुसरी वाट धरली. ऑक्टोबर १९७१ मध्ये, संसदेचं अधिवेशन चालू नसताना, राष्ट्रपतींनी अध्यादेश काढले. हिवाळी अधिवेशनात त्यांचे कायदे झाले: टपाल वस्तूंवरील कराचा कायदा, रेल्वे प्रवासी भाड्याचा कायदा, देशांतर्गत विमान प्रवासावरील कराचा कायदा, आणि १८९९ च्या मुद्रांक कायद्यात नवं कलम ३-क. वर्तमानपत्रांवर प्रतीमागे दोन पैसे उत्पादन शुल्क बसलं. हे कायदे मंजूर होत असताना ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. कर मात्र युद्धासाठी नव्हता. तो युद्धाच्या आधीच, १५ नोव्हेंबरपासून, फक्त निर्वासितांच्या नावाने सुरू झाला होता.

एका दुकानाचा दिवस

हा कायदा बाजारात कसा चालायचा ते जवळून पाहू. शहागंजातला एखादा कापडवाला इचलकरंजीला किंवा मालेगावला माल मागवण्यासाठी पाकीट टाकतो. हशील २० पैसे, वर कर ५ पैसे. म्हणजे पत्र पाव पटीने महाग झालं. त्याऐवजी त्याने १५ पैशांचं आंतर्देशीय पत्र वापरलं तर तिथेही पाच पैसे. वाढ एक तृतीयांश. पण त्याच्या दुकानातल्या नोकराने गावी आईला दहा पैशांचं पोस्टकार्ड लिहिलं, तर त्याला कर नाही. कार्ड वगळण्यात कायदा करणाऱ्याचं भान दिसतं. कार्ड कोण लिहितं आणि पाकीट कोण वापरतं, हे मसुदा करणाऱ्याला ठाऊक होतं.

दुपारी गिऱ्हाईक मोठी खरेदी करतं. वीस रुपयांवरच्या पावतीला तेव्हा रेव्हेन्यू तिकीट लागे. नव्या ३-क कलमाने त्याच्या जोडीला दहा पैशांचं जादा तिकीट आलं. हुंडीवर तेच, विम्याच्या पॉलिसीवर तेच, शेअरच्या हस्तांतरावर तेच. संध्याकाळी त्याने मोठं वर्तमानपत्र घेतलं तर त्याच्याही किमतीत हे दोन पैसे शिरलेले.

एका माणसाच्या दिवसाला फार तर आणे-दोन आणे. पण प्रत्येक वेळी तो कागदावर वाचत होता की हे कुणासाठी आहे. कर भरताना एरवी असं कधी होत नाही. आयकर भरणाऱ्याला त्याचा रुपया कुठे गेला ते दिसत नाही, विक्रीकर भरणाऱ्याला तर आपण कर भरतोय हेही जाणवत नाही. इथे तिकिटाला जीभ लावणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर शब्द होते: शरणार्थी सहायता. आणि हे शब्द वाचणारी पन्नाशीतली माणसं कोण होती? त्यांनी तरुणपणी निजामाची टपाल तिकिटं आणि हाली शिक्क्याचे रुपये वापरले होते. सप्टेंबर १९४८ पर्यंत त्यांच्यासाठी दिल्ली हाच शेजार होता. फाळणीनंतर सिंधमधून उठून आलेली कुटुंबं या शहरात स्थिरावलेली त्यांनी पाहिली होती. जालना रस्त्यावरची सिंधी कॉलनी त्याची खूण आहे. निर्वासित म्हणजे काय, हे या बाजाराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नाशिकचा छापखाना

या कहाणीत महाराष्ट्राचा आणखी एक धागा आहे. टपाल तिकिटांवरचा तो द्विभाषिक मजकूर नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला गेला. देशभरच्या टपाल कचेऱ्यांना १५ नोव्हेंबरच्या आत पुरतील इतकी तिकिटं पोचवणं शक्य नव्हतं, म्हणून अनेक ठिकाणी स्थानिक शिक्के मारून काम भागवावं लागलं. आज तिकिटांचे संग्राहक हे वेगवेगळे शिक्के शोधत असतात, ते त्यामुळेच.

काही महिन्यांनी नाशिकनेच बांगलादेशाच्या पहिल्या नोटा छापल्या. ४ मार्च १९७२ रोजी नव्या देशाने स्वतःच्या नावाचं चलन काढलं. त्यावर बांगलादेशाचा नकाशा होता. पाकिस्तानी रुपया नाकारलेल्या, तिजोरी रिकामी असलेल्या देशाला चालवायला आधी चलन लागतं. रस्ता, पूल, धान्य यांच्याही आधीची ही मदत होती. १९ मार्च १९७२ रोजी ढाक्यात दोन देशांनी मैत्री करारावर सह्या केल्या. निर्वासितांपैकी बहुतेक सगळे तोवर परतले होते किंवा परतीच्या वाटेवर होते. एवढ्या मोठ्या संख्येने आलेली माणसं इतक्या थोड्या काळात आपल्या घरी परत गेल्याची उदाहरणं विसाव्या शतकात फार थोडी आहेत.

दुष्काळातला कर

निर्वासित परतले, पण कर आणखी वर्षभर चालू राहिला. हे वर्ष मराठवाड्यासाठी कोणतं होतं? १९७२. पावसाने सलग दगा दिला होता. औरंगाबाद, बीड, उस्मानाबादकडे विहिरी आटल्या, जनावरं मातीमोलाने विकली गेली, माणसं खडी फोडायला आणि बांधबंदिस्तीच्या कामांना लागली. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली जात होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. मे १९७३ मध्ये राज्यभर या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती.

म्हणजे ज्या हिवाळ्यात तालुक्यातलं गाव दुष्काळी कामांच्या खडीवर जगत होतं, त्याच हिवाळ्यात शहागंजातून निघणाऱ्या प्रत्येक पाकिटावर शेजारच्या देशाच्या माणसांसाठी पाच पैसे चिकटत होते. आपल्याच घरात भाकरी नाही तर शेजाऱ्याला कशाला, हा प्रश्न तेव्हा विचारणं चूक ठरलं नसतं. तरी कराविरुद्ध मोठी चळवळ उभी राहिली नाही. मला यात मराठवाड्याचा मोठेपणा दिसतो, आणि कायद्याच्या प्रामाणिकपणाचं फळही. सरकारने रक्कम सांगितली होती, कारण सांगितलं होतं, गरिबाचं कार्ड वगळलं होतं. लोक देतात. फसवलं जात नाही एवढी खात्री मात्र त्यांना लागते.

त्या दुष्काळानेही एका कायद्याला जन्म दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली आणि तिचा कायदा १९७७ मध्ये झाला. तिच्या पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. पगाराच्या चिठ्ठीवर आजही तो कापलेला दिसतो. शहरातल्या नोकरदाराने गावातल्या बेकारासाठी द्यायचा कर, ही कल्पना लोकांना पचली. शेजाऱ्यासाठी दिलेल्या पाच पैशांनी, नाव घेऊन लावलेला कर भरण्याची सवय त्यांना आधीच लावली होती, असं मला वाटतं.

संपलेला कर आणि उरलेला कर

१९७३ मध्ये संसदेने आणखी एक कायदा केला: निर्वासित सहाय्य कर (निरसन) अधिनियम, त्या वर्षीचा तेरावा. १ एप्रिल १९७३ पासून टपालाचा, रेल्वेचा, विमानाचा कर आणि मुद्रांकाचं ३-क कलम एका फटक्यात रद्द झालं. कर लावणारे कायदे पुष्कळ असतात. लावलेला कर काम संपल्यावर काढून टाकण्यासाठी, त्याचं नाव शीर्षकात घेऊन केलेला कायदा विरळा. दिल्लीने दिलेला शब्द पाळला.

मुंबईत मात्र तसं झालं नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत रस्त्याने जाणाऱ्या प्रवाशांवरचा कर राज्यसूचीत आहे, ५६ व्या नोंदीत. त्यामुळे रेल्वेवर केंद्र कर लावू शकत होतं, एसटीवर नाही. बसच्या तिकिटावरचा भार राज्याने घातला, आणि १९७३ चा निरसन कायदा त्याला लागू होण्याचा प्रश्नच नव्हता. मराठवाड्याची बस १९३२ पासून निजामाच्या रस्ते वाहतूक खात्याने चालवली होती. पुढे ती राज्याच्या एसटीत सामील झाली. पैठण, फुलंब्री, जालन्याला जाणारा माणूस कंडक्टरकडून तिकीट घ्यायचा, पेटीतून रंगीत कागद निघायचा, पंचचा ‘टिक’ आवाज व्हायचा आणि भाड्यात हा अधिभार निमूट जमा व्हायचा. पुढे तो पोषण अधिभार म्हणून ओळखला गेला, १५ पैशांवर पोचला. बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी बसवलेला भार चार दशकांनंतरही एसटीच्या प्रवाशाकडून घेतला जातोय, ही बातमी २०१५ मध्ये गाजली तेव्हा लोकांना धक्का बसला.

कुपोषित मुलांसाठी पैसा लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण तो हवा होता तर विधिमंडळात उभं राहून, मुलांचं नाव घेऊन नवा कर मागायला हवा होता. एकाच्या नावाने घेतलेला पैसा गुपचूप दुसऱ्याकडे वळला की पुढच्या वेळी खऱ्या संकटातही लोकांचा विश्वास बसत नाही. घटनेचं २६६ वं कलम सांगतं की करातून आलेला सगळा महसूल संचित निधीत जातो. तिथे पोचल्यावर पाच पैशांवरचं नाव पुसलं जातं. म्हणून नावाची राखण कायद्याच्या मजकुरातच करावी लागते: पैसा कशासाठी, किती दिवस, हिशेब कुठे.

आजचा आकडा

त्यानंतर भारताची शेजाऱ्यांना मदत कितीतरी पटींनी वाढली. भूतानमध्ये चुखा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. अफगाणिस्तानात झरंज ते देलाराम रस्ता आणि काबूलची संसद इमारत बांधली. जानेवारी २०१२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयात विकास भागीदारीसाठी स्वतंत्र प्रशासन झालं. निर्यात-आयात बँकेमार्फत सवलतीची कर्जं जातात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भूतानसाठी २,१५० कोटी, नेपाळसाठी ७००, मालदीवसाठी ६००, बांगलादेशासाठी १२० कोटी रुपये धरले गेले. परदेशांना मदत म्हणून एकूण ५,४८३ कोटी.

हे सगळं अजूनही १९५० च्या दशकासारखंच चालतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणीत काही ओळी, आणि पुष्कळ वर्षी ती मागणी चर्चेविना, वेळ संपली म्हणून इतर मागण्यांबरोबर एकगठ्ठा मतदानाला जाते. मदत कोणत्या निकषावर, मानवी संकटासाठी किती, पायाभूत कामांसाठी किती, कर्ज किती आणि अनुदान किती, काम पुरं झालं की नाही, हे सांगण्याचं बंधन घालणारा कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत १९६१ पासून परदेशी मदतीचा कायदा आहे. ब्रिटनने २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय विकासाचा कायदा केला आणि २०१५ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के रकमेचं बंधन स्वतःवर घातलं. हे देश बंधनं पाळतातच असं नाही. ब्रिटनने २०२१ मध्ये रक्कम कमी केली. अमेरिकेने २०२५ मध्ये आपली मदत संस्थाच मोडली. पण कायदा होता म्हणून मोडणाऱ्याला उत्तरं द्यावी लागली, कोर्टात जावं लागलं, संसदेत उभं राहावं लागलं. आपल्याकडे एखाद्या वर्षी बांगलादेशाची रक्कम घटली किंवा मालदीवची वाढली, तर ते अर्थसंकल्पाच्या जाड पुस्तकात आकडे शोधणाऱ्यालाच कळतं.

१९७१ ते ७३ च्या त्या कायद्यांनी तीन गोष्टी दाखवून दिल्या होत्या. मदत कुणासाठी, हे देणाऱ्याला कळलं पाहिजे. सगळ्यांत गरिबाला तिच्या भारातून वगळता येतं, ठरवलं तर. आणि काम संपलं की कर संपवण्याचाही कायदा करता येतो. त्यांत पीएल ४८० चा धडा जोडला तर चौथी गोष्ट मिळते: भुकेल्याच्या ताटापुढे राजकीय अटींचं कलम उभं करायचं नाही.

शेजारी देशांना द्यायच्या विकास मदतीचा स्वतंत्र कायदा भारताने करावा, तो या चार पायांवर. दरवर्षी संसदेपुढे देशवार अहवाल यावा, अनुदान आणि कर्ज वेगळं दाखवावं, मानवी संकटातली मदत अटीविना असावी आणि प्रत्येक खास कराची अखेरची तारीख कायद्यातच लिहिलेली असावी. राज्यांनी अशा कारणासाठी काही बसवलं तर त्यालाही तीच तारीख लागू करण्याची संमती त्यांच्याकडून घ्यावी. यासाठी घटना बदलावी लागत नाही. परराष्ट्र व्यवहार हा विषय संघसूचीत आहेच. एक विधेयक पुरे आहे, आणि ते खासगी सदस्यालाही मांडता येतं. मतं मागायला आलेल्या उमेदवाराला पाण्याबद्दल नि रस्त्यांबद्दल आपण विचारतोच. त्याच दमात त्याला हेही विचारावं की आमच्या पैशातून शेजाऱ्याला दिलेल्या मदतीचा हिशेब मागणारं विधेयक तू लोकसभेत मांडशील का.